डिपॉझिट अडकले आहे: भाडेकरू विद्यार्थी आणि घरमालकांच्या प्रश्नांना उत्तरे

परीक्षा संपल्या की कर्वेनगर, आंबेगाव, नऱ्हे, विमाननगर या भागांत खोल्या रिकाम्या होऊ लागतात आणि आमच्याकडे डिपॉझिटच्या तक्रारींची पत्रे वाढतात. त्यांतली काही निवडून इथे उत्तरे देत आहोत. उत्तरे महाराष्ट्रापुरती आहेत, कारण घरभाड्याचा कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. विद्यार्थ्यांचे बहुतेक व्यवहार ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराने, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याची परवानगी देणाऱ्या कराराने, होतात.

सगळ्या उत्तरांमागे एकच भूमिका आहे. डिपॉझिट हे विद्यार्थ्याचे, म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या आईवडिलांचे, पैसे आहेत आणि ते मालकाकडे फक्त ठेवलेले असतात. त्यातून रुपया कापायचा असेल तर तो का कापला हे कापणाऱ्याने दाखवायचे.

आम्ही तिघी मैत्रिणी कर्वेनगरमध्ये दोन वर्षे एका फ्लॅटमध्ये राहिलो. डिपॉझिट ६०,००० रुपये होते. घर सोडल्यावर मालकांनी २१,००० परत केले. उरलेल्या ३९,००० चा हिशेब असा दिला: पूर्ण घराचा रंग २२,०००, साफसफाई ५,०००, नवा गीझर ७,०००, वीजबिल २,८००, सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस २,२००. एकाही खर्चाची पावती दिलेली नाही. हे बरोबर आहे का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

बहुतांश चूक आहे. एकेक रक्कम घेऊ.

रंग. आधी करार उघडून ‘घर सोडताना रंगकामापोटी अमुक रक्कम कापली जाईल’ असे कलम आहे का ते पाहा. काही मालक एका महिन्याचे भाडे रंगासाठी कापण्याची अट घालतात. तुम्ही त्यावर सही केली असेल तर तेवढ्या रकमेवर वाद घालणे अवघड आहे. तसे कलम नसेल तर नेहमीच्या वापराने होणारी झीज मालकाने सोसायची असते. दोन वर्षांत रंग फिका पडणे, स्विचभोवती हाताचे डाग पडणे, कपाटामागची भिंत काळवंडणे ही झीज आहे. दुहेरी चिकटपट्टी ओढून काढताना पुट्टीसकट रंगाचा पापुद्रा निघणे, परवानगीशिवाय ड्रिल मारणे, भिंतीवर फोडणीचे किंवा शाईचे डाग पाडणे हे नुकसान आहे. नुकसान असले तरी भरपाई त्या भिंतीपुरती. एका भिंतीला पुट्टी भरून रंगाचे दोन हात द्यायला मजुरीसकट साधारण दोन-अडीच हजार लागतात. त्यासाठी २२,००० चा रंग तुमच्या माथी मारता येत नाही. शिवाय तुम्ही राहायला आलात तेव्हा रंग किती जुना होता हेही विचारा. तीन-चार वर्षांपूर्वीचा रंग असेल तर पुढचा रंग मालकाला तसाही द्यावाच लागणार होता.

गीझर. बोअरवेल किंवा टँकरचे पाणी जड असले की कॉइलवर क्षारांचा थर बसतो, कॉइल तापत राहते आणि शेवटी जळते. हा वापरातला बिघाड आहे. बहुतेक वेळा कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलून काम भागते, त्याला नव्या गीझरच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागतो. मालकांकडे दोन गोष्टी मागा: काय बिघडले हे लिहिलेली मेकॅनिकची पावती, आणि जुना गीझर किती वर्षांचा होता ही माहिती. टाकीत पाणी नसताना गीझर चालू ठेवल्याने तो जळला असेल तर जबाबदारी तुमची. तरीही आठ वर्षांच्या गीझरची भरपाई नव्या गीझरच्या किमतीने होत नाही.

वीजबिल. घर सोडल्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढला असेल तर हा वाद पाच मिनिटांत मिटतो. महावितरणच्या बिलावर मागील आणि चालू रीडिंग छापलेले असते. बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून बिल ऑनलाइनही पाहता येते. बिलातले चालू रीडिंग आणि तुमच्या फोटोतले रीडिंग यांतला फरक तुमच्यानंतरच्या वापराचा आहे, तो तुमच्याकडून घेता येत नाही.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी आपल्या सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून, हा आकार घेते. २००१ च्या शासन आदेशाने तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. तो भाडेकरूने भरायचा असे करारात लिहिलेले नसेल तर तुमच्या डिपॉझिटमधून कापता येत नाही.

साफसफाई. जुन्या गाद्या, पुस्तकांचे गठ्ठे, तेलकट चिमणी तशीच ठेवून गेला असाल तर प्रत्यक्ष झालेला खर्च द्या. घर झाडून-पुसून दिले असेल तर पावतीशिवाय ५,००० मान्य करू नका.

म्हणजे ३९,००० पैकी तुमच्यावर प्रामाणिकपणे येतात ते चिकटपट्टीने खराब झालेल्या भिंतीचे दोन-अडीच हजार (तसे झाले असेल तर), तुमच्या रीडिंगपर्यंतचे वीजबिल आणि पावती असेल तर साफसफाई. साफसफाई सोडली तर बाकीचे मिळून सहा हजारांच्या पुढे जाणे कठीण. मालकांना लेखी उत्तर देताना देणे लागत असलेली रक्कम स्वतःहून मान्य करा आणि बाकीची मागा. जो स्वतःचे देणे मान्य करतो त्याच्या मागणीला पुढे लोकअदालतीत आणि न्यायालयात वजन येते.

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आम्ही तिघांनी एक खोली घेतली होती. करार काही केला नाही. मालक म्हणाले, “अकरा महिन्यांचंच आहे, नोंदणी कशाला?” आता खोली सोडली तर म्हणतात, “दोन महिने आधी सांगायचं ठरलं होतं, डिपॉझिट मिळणार नाही.” असे काहीही ठरले नव्हते. कागद नाही म्हणजे आमचे पैसे बुडाले का? (एक वाचक, मूळ गाव परभणी)

नाही. इथे कागद नसल्याचा तोटा मालकांना आहे.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज घराघरांत आहे. नोंदणी कायद्यात एक वर्षाची मर्यादा आहे, त्यातून तो आला. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

तुमच्या कामाचा भाग त्याच कलमात पुढे आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मात्र ‘उलट सिद्ध होईपर्यंत’. म्हणून मालकांनी “दोन महिन्यांची नोटीस ठरली होती” असे नुसते म्हणून भागत नाही, त्यांना ते सिद्ध करावे लागेल. मोबाइलवर तुम्हीच कधी “दोन महिने आधी सांगतो” असे लिहिले असेल तर तो पुरावा त्यांच्या बाजूने जाईल. तेव्हा आधी जुने संदेश नीट वाचा.

डिपॉझिट दिल्याचा पुरावा तुम्हाला गोळा करावा लागेल. यूपीआयने दिले असेल तर बँकेचे स्टेटमेंट पुरेसे बोलते. रोख दिले असेल तर ते कोणासमोर दिले, त्यानंतर “डिपॉझिट मिळालं” असा संदेश आला का, दलाल मध्ये होता का, हे पाहा. मालकांना साध्या भाषेत संदेश पाठवा: “आमचे १५,००० रुपये डिपॉझिट आपल्याकडे आहे, ते कधी परत कराल?” उत्तरात “अजून महिनाभर थांबा” असे आले तरी डिपॉझिट घेतल्याची कबुली झाली. संदेश पुसू नका आणि फोन बदललात तरी जुना फोन जपून ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. तेव्हा संदेश मूळ फोनमध्ये असणे फार उपयोगी पडते, नुसते स्क्रीनशॉट दुबळे ठरतात.

कलम ५५ मधल्या शिक्षेची भीती घालून पैसे उकळण्याच्या फंदात मात्र पडू नका. पत्रात ‘नोंदणीची जबाबदारी आपली होती’ हे एक वाक्य पुरे. समजणाऱ्याला ते समजते.

माझ्या मुलाला पुण्यात प्रवेश मिळाला म्हणून फ्लॅट घेतला. पाच महिन्यांत त्याला नागपूरला जागा मिळाली आणि त्याने घर सोडले. भाडे १५,०००, डिपॉझिट ४५,०००, सहा महिन्यांचा लॉक-इन (त्याआधी घर सोडायचे नाही अशी अट), एक महिन्याची नोटीस. मालक पूर्ण डिपॉझिट जप्त झाले म्हणतात. करारात तसे लिहिलेही आहे. (एक पालक, अकोला)

करारात ‘जप्त’ लिहिले म्हणून पूर्ण रक्कम आपोआप मालकाची होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ सांगते की करार मोडल्यास ठरलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. वाजवी किती, हे मालकाचे नुकसान किती झाले असते यावर ठरते.

लॉक-इनचा एक महिना शिल्लक होता. तुम्ही नोटीस दिली नाही असे धरले तरी नोटिशीचा महिना आणि लॉक-इनचा महिना एकच आहे, तो दोनदा मोजायचा नाही. म्हणजे जास्तीत जास्त १५,००० हा मालकांचा वाजवी दावा, आणि ३०,००० तुमचे. शिवाय घर रिकामे झाल्यावर बाराव्या दिवशी दुसरा भाडेकरू आला असेल तर नुकसान बारा दिवसांच्या भाड्याचे, म्हणजे ६,००० रुपयांचे. ज्याचे नुकसान झाले त्यानेही ते कमी करण्याचा प्रयत्न करायचा असतो, हे त्याच कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे. म्हणून नवा भाडेकरू कधी आला याची चौकशी करा. सोसायटीच्या वॉचमनला ठाऊक असते. शक्य असेल तर पुढच्या वेळी मुलानेच आपल्या जागी दुसरा विद्यार्थी शोधून द्यावा आणि मालकांना तसे लेखी कळवावे. असा पर्याय पुढे ठेवूनही मालकाने नाकारला तर त्याचा भरपाईचा दावा आणखी कमजोर होतो.

चार मुलांचा फ्लॅट, करारावर दोघांचीच नावे. मी मध्येच बाहेर पडलो आणि माझ्या जागी आलेल्या मुलाने मला माझे १२,५०० दिले. आता घर सोडताना मालकांनी डिपॉझिट करारावरच्या एका मुलाच्या खात्यात टाकले आणि तो फोन उचलत नाही. नवा मुलगा माझ्याकडे पैसे मागतो. (एक विद्यार्थी, ताथवडे)

मालकांची चूक नाही. त्यांनी करारावरच्या माणसाला पैसे दिले. नव्या मुलाचे पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याच्याकडून त्याने घ्यायचे आहेत. तुमचा हिशेब तुम्ही बाहेर पडलात तेव्हाच पुरा झाला. नव्या मुलाकडून मिळालेल्या १२,५०० चा आणि आपल्या बाहेर पडण्याच्या तारखेचा पुरावा मात्र ठेवा.

माणूस बदलला की त्याच दिवशी मालक, जाणारा आणि येणारा अशा तिघांच्या सहीचे एक पान करा. त्यात तारीख, कोणाचा किती वाटा कोणाकडे गेला आणि शेवटी कोणाच्या खात्यात किती परत यायचे हे लिहा. शक्य असेल तर नव्या मुलाचे नाव घालून करार पुन्हा नोंदवा. पोलिसांकडे द्यायच्या भाडेकरूच्या माहितीतही नाव बदलावे लागते, ते मालकांनी करायचे.

मी घरमालकीण आहे. कोथरूडच्या माझ्या फ्लॅटमध्ये मुले राहत होती. शेवटचे दोन महिने भाडे दिले नाही, “डिपॉझिटमधून कापा” म्हणाली. जाताना वॉश बेसिन फुटलेले, दाराचे कुलूप तोडलेले, वीजबिल थकलेले. डिपॉझिट संपून वर माझेच पैसे गेले. सगळे कायदे भाडेकरूंसाठीच आहेत का? (एक वाचक, पुणे)

तुमचा राग समजतो. डिपॉझिट भाड्यात वळवण्याची ही सवय सर्रास आहे आणि ती चूक आहे. डिपॉझिट शेवटच्या नुकसानीसाठी असते. ते आधीच भाड्यात संपले की मालकाच्या हाती काही उरत नाही. तुमच्या बाजूनेही कायदा आहे. थकलेले भाडे, थकलेले वीजबिल आणि फुटलेल्या वस्तूंचा प्रत्यक्ष खर्च तुम्ही कापू शकता आणि डिपॉझिट पुरले नाही तर उरलेल्या रकमेसाठी दावाही करू शकता.

त्यासाठी पुरावा तयार ठेवा. बेसिन बदलण्याआधी फुटलेल्या भागाचा जवळून आणि दुरून असे दोन फोटो. प्लंबरची पावती, त्यावर सामान आणि मजुरी वेगळी लिहिलेली. घर देतानाची सामानाची यादी, मुलांच्या सह्यांसकट. ही यादी बहुतेक मालक करत नाहीत आणि तिथेच हरतात, कारण बेसिन आधीपासून तडकलेले होते असे मुलांनी म्हटले की उत्तर उरत नाही.

पुढच्या वेळी एक महिना आधी मुलांना संदेश पाठवा की शेवटचे भाडे नियमित द्यायचे आहे, ते डिपॉझिटमधून वळते होणार नाही. तसेच घर सोडण्याच्या आठवडाभर आधी एक पाहणी ठेवा. मुलांना दुरुस्ती स्वतः करायची संधी मिळाली की अर्धे वाद तिथेच संपतात.

एक गोष्ट मात्र करू नका. पैशांसाठी मुलांचे सामान, लॅपटॉप, गुणपत्रिका किंवा मूळ दाखले अडकवू नका, दाराला कुलूप घालू नका, वीज-पाणी बंद करू नका. मूळ दावा कितीही खरा असला तरी तिथून पुढे तुम्हीच गुन्ह्याच्या बाजूला जाता. मुलांनी अशा वेळी थेट पोलीस ठाण्यात जावे असाच सल्ला आम्ही त्यांना देऊ. नुसत्या डिपॉझिटच्या तक्रारीला पोलीस ‘दिवाणी बाब’ म्हणतात, पण माणसाला अडवणे किंवा धमकावणे ही दिवाणी बाब नसते.

डिपॉझिट हातात मिळेपर्यंत चावी द्यायचीच नाही, असे सगळे सांगतात. करावे का? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

कराराची मुदत संपली असेल तर करू नका. मुदत संपूनही ताबा न सोडणाऱ्याला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. ‘डिपॉझिट परत मिळेपर्यंत भाडेकरू विनाभाडे राहू शकेल’ असे स्पष्ट कलम असलेले करार असतात, तुमच्या करारात ते असेल तर गोष्ट वेगळी.

चावी आणि पैसे एकाच वेळी, अशी अट करार करतानाच घालून घ्या. तसे जमले नाही तर चावी द्या, पण नुसती द्यायची नाही. एका कागदावर तारीख, वेळ, किती चाव्या, मीटरचे रीडिंग, ‘सामान यादीप्रमाणे मिळाले’ आणि परत करायची रक्कम लिहून मालकांची सही घ्या. सही करत नसतील तर तोच मजकूर त्यांना लगेच संदेशाने आणि ईमेलने पाठवा. सोबत घराचा सलग व्हिडिओ काढा: दारातून सुरुवात, प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, सगळे नळ आणि दिवे चालू-बंद करून, फ्रिज उघडून, शेवटी मीटर. कॅमेरा मध्ये थांबवू नका.

डिपॉझिट परत मागण्यासाठी पत्र कसे लिहावे? वकिलाची नोटीस लागतेच का? (बऱ्याच पत्रांत हा प्रश्न आहे)

पहिल्या पत्राला वकील लागत नाही. मजकूर असा ठेवा:

‘दि. … च्या लिव्ह अँड लायसन्स करारानुसार (दस्त क्रमांक …) मी … येथील सदनिका वापरत होते. परतावायोग्य अनामत रक्कम रु. ६०,००० मी दि. … रोजी बँकेमार्फत आपणांस दिली. दि. … रोजी मी सदनिकेचा ताबा व चाव्या आपणांस दिल्या. आजवर रु. २१,००० परत मिळाले आहेत. वीजबिल व एका भिंतीची दुरुस्ती मिळून रु. … इतकी कपात मला मान्य आहे. इतर कपातींच्या पावत्या मला मिळालेल्या नाहीत व त्या मला मान्य नाहीत. उर्वरित रु. … हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत खालील खात्यावर जमा करावेत. तसे न झाल्यास या पत्राच्या तारखेपासून व्याजासह वसुलीची कायदेशीर कारवाई करीन.’

व्याजाचे वाक्य गाळू नका. रक्कम परत करण्याची तारीख करारात ठरलेली नसेल तर व्याज कायदा, १९७८ नुसार ज्या लेखी पत्रात व्याज मागितले त्या पत्राच्या तारखेपासून ते मागता येते. पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच मागवा. मालकांचा करारातला पत्ता वापरा, ते दुसरीकडे राहत असतील तर तिथेही एक प्रत पाठवा. प्रत, पावती आणि पोच एकत्र टाचून ठेवा. पत्रात राग, टोमणे, ‘बघून घेईन’ काहीही नको, कारण हेच पत्र पुढे न्यायाधीश वाचतील.

पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर आमच्या मते पुढची पायरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. पुण्यात ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, तालुक्याच्या न्यायालयांत तालुका समिती असते. दावा दाखल करण्याआधीच्या लोकअदालतीसाठी साधा अर्ज, कराराची प्रत, पैशांचा पुरावा आणि तुमचे पत्र एवढे द्या. कोर्ट फी लागत नाही. समोरच्याला बोलावणे जाते. तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्याविरुद्ध अपील नाही. तडजोड झाली नाही तर दाव्याचा तुमचा हक्क तसाच राहतो. वकील हवा असेल तर महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना, उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. हे विद्यार्थिनींना फारसे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहीत आहोत.

शेवटी दिवाणी दावा. रक्कम लेखी करारातून निश्चित ठरत असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी दावा लावता येईल का, हे वकिलाला विचारा. त्यात प्रतिवादीला बचावासाठी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे वेळकाढूपणा कमी होतो. मुदत तीन वर्षांची आहे, पैसे परत करायचे होते त्या दिवसापासून. दहा-बारा हजारांसाठी दावा लावावा असे आम्ही म्हणणार नाही, पण तीन वर्षे तुमच्या हातात आहेत हे मालकाला माहीत असू द्या.

मुलींच्या खासगी वसतिगृहात राहते. जेवण, सफाई, वाय-फाय सगळे त्यांचे. डिपॉझिट १०,००० परत देत नाहीत. हीच पद्धत का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

तुमच्याकडे एक सोपा रस्ता जास्त आहे. नुसते घर भाड्याने घेणाऱ्याची तक्रार ग्राहक आयोगात सहसा टिकत नाही. जेवण, सफाई, देखरेख यांसाठी पैसे घेणारे वसतिगृह किंवा पीजी (पेइंग गेस्टची सोय) मात्र सेवा देते, म्हणून तिथे सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. कॉट बेसिसवर (खोलीत फक्त एका खाटेचे भाडे देऊन) डब्यासकट राहणाऱ्यांनाही हे उपयोगी पडू शकते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. वसतिगृहाला तिथून विचारणा झाली की पैसे सुटू शकतात. नाही सुटले तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षे. प्रवेशाच्या वेळी दिलेले नियमांचे पान, पैसे भरल्याच्या पावत्या आणि बाहेर पडण्याचा अर्ज जोडा. अर्ज तोंडी केला असेल तर आजच लेखी पाठवा.

आम्ही राहत असताना मालकाने फ्लॅट विकला. नवा मालक म्हणतो, तुमचे डिपॉझिट माझ्याकडे आलेच नाही. (एक वाचक, नाशिक)

ज्याने घेतले त्याच्याकडे मागा. लायसन्स दिल्यानंतर मालमत्ता विकली गेली तर नवा मालक त्या लायसन्सला आपोआप बांधला जात नाही, असे सुविधाधिकार कायदा, १८८२ चे कलम ५९ सांगते. करार तुमचा आणि जुन्या मालकाचा, म्हणून परतफेडही त्याची. विक्री कळताच जुन्या मालकाकडून डिपॉझिट परत घ्या आणि नव्याशी नवा करार करा. ‘नव्याने जुन्याकडून घेतले’ अशी तोंडी सांगड घालत असतील तर तिघांच्या सहीचा कागद हवाच. मुदतीआधी बाहेर काढले आणि चूक तुमची नसेल तर त्याच कायद्याच्या कलम ६४ नुसार जुन्या मालकाकडून भरपाई मागता येते.

नवीन कायद्याने डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. खरे का? (एक पालक, कोल्हापूर)

दोन महिन्यांची मर्यादा केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने तसा कायदा केला तरच तो तिथे लागू होतो. महाराष्ट्रात व्यवहार १९९९ च्या कायद्यानेच चालतात, म्हणून त्या संदेशाच्या भरवशावर मालकाशी भांडू नका. रक्कम ठरवताना मात्र दोन महिन्यांचा आकडा पुढे ठेवायला हरकत नाही.

मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीनंतर पुण्याला जाणार. करार कोणाच्या नावे करावा आणि खर्च किती येतो? (एक आई, सांगली)

करार तुमच्या किंवा तिच्या वडिलांच्या नावे करा आणि राहणारी व्यक्ती म्हणून तिचे नाव घाला. अठरा वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही. तिने सही केली तर तो करार कायद्यापुढे टिकत नाही आणि डिपॉझिटचा वाद झाला तर सगळे गुंतते. डिपॉझिट तुमच्याच खात्यातून द्या आणि त्याच खात्यात परत येईल असे करारात लिहून घ्या.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते. ते मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि परतावायोग्य डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर लागते. उदाहरणार्थ, १८,००० भाडे, ५०,००० डिपॉझिट, अकरा महिने. भाड्याचे १,९८,०००, व्याजाचे सुमारे ४,५८३, बेरीज २,०२,५८३, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ५०६ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याच्या ठशाने घरबसल्या होते, एजंट घरी येतो आणि त्याचे शुल्क वेगळे असते. खर्च कोणी करायचा ते आधी ठरवा, बरेच जण निम्मा-निम्मा करतात. टोकन (जागा राखून ठेवण्यासाठी आधी दिलेली रक्कम) दिले असेल तर ते डिपॉझिटमध्ये धरले आहे का आणि करार झालाच नाही तर किती परत मिळेल, हे संदेशात लिहून घेतल्याशिवाय पैसे पाठवू नका. नोंदणी झाल्यावर कराराची प्रत आणि सूची क्रमांक २ (नोंदणीचा सरकारी उतारा) डाउनलोड करून मुलीच्या आणि तुमच्या दोघींच्या ईमेलवर ठेवा.